सगळं शिवार एकदम जेवायला बसलं

चिपळूणला परत येऊन पंधरा दिवस झाले, तरी माझ्या तोंडातून जमिनीखालचा विषय जात नाही. बायको म्हणते, "भाजी आणायला गेलात तरी भाजीवाल्याला खडक समजावून सांगता." सांगतो, खोटं कशाला बोलू? तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण सगळा पुस्तकातला. पोटात काय आहे ते जमिनीलाच विचारणारी माणसं असतात आणि त्यांच्याबरोबर चार दिवस राहता येतं, हे भाग्य निवृत्तीनंतर वाट्याला आलं.

बोलावणं आलं होतं मुग्धाकडून. हे तिचं खरं नाव नव्हे; गावातल्या माणसांचीही नावं मी बदलली आहेत. मुग्धा माझी विद्यार्थिनी. नववीत असताना नदीतले गोटे दप्तरात भरून आणायची आणि बाकाखाली ठेवायची. आता एका खाजगी कंपनीत भूभौतिकतज्ज्ञ आहे. ही कंपनी बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेवर शेल वायू शोधते आहे. शेल म्हणजे चिखलाचा झालेला दगड, वहीसारखा पानापानांचा. त्या पानांमध्ये कधी कधी वायू अडकून बसलेला असतो. कलबुर्गीच्या बाजूला हा दगड आहे हे सगळ्यांना माहीत आहे. पण बीदरकडे येताना तो काळ्या कातळाखाली शिरतो, आणि पुढे जातो की मध्येच संपतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "सर, या की बघायला," ती फोनवर म्हणाली. मी फोन ठेवण्याआधीच मनातल्या मनात बॅग भरली होती.

गाणगापूर

बायकोची परवानगी दत्ताच्या नावावर मिळाली, म्हणून आधी गाणगापूर. पादुकांचं दर्शन झालं, आणि दुपारी मी माधुकरीच्या गर्दीत सापडलो. इथे दुपारी दत्तमहाराज स्वतः भिक्षेला येतात, कोणत्या रूपात ते कळत नाही, अशी श्रद्धा. त्यामुळे देणारा कुणालाही नाही म्हणत नाही आणि चांगली खातीपीती माणसंसुद्धा हात पुढे करतात. माझ्या पत्रावळीत एका सोलापूरकर बाईंनी पोळी घातली, दुसऱ्या कुणी आमटी घातली, आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांनी माझ्याच पत्रावळीतला अर्धा शिरा मागून घेतला. आमच्याकडे शेजाऱ्याकडे साखर मागायची तर आधी कारण तयार ठेवावं लागतं. इथे मागणाऱ्याला लाज नव्हती आणि देणाऱ्याला तोरा नव्हता.

मी वायूच्या शोधासाठी पुढे चाललोय हे ऐकून आमचे पुजारी मिस्कील हसले. "जमिनीतला गॅस नंतर काढा हो, आधी सिलेंडर वेळेवर येईल असं बघा," ते म्हणाले. त्यांनी बायकोसाठी प्रसादाची पुडी बांधून दिली आणि मी कंपनीच्या जीपमध्ये बसलो.

मन्नाएखेळ्ळी

वाटेत दोन्ही बाजूंना तूर, नुसती तूर. कलबुर्गीच्या आसपास घरांच्या छपरांवरसुद्धा फरशी घातलेली दिसली, आणि मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली. माझ्या जन्मापासून आमच्या पडवीत जी शहाबादी फरशी आहे, तिचं हे माहेर! मी खाली उतरून एका पडक्या कुंपणाच्या फरशीवर हात फिरवून आलो. ड्रायव्हरने काही विचारलं नाही. बहुधा मुग्धाने त्याला आधीच कल्पना दिली असावी.

मन्नाएखेळ्ळी हायवेवरचं मोठं गाव. इथे ट्रक थांबतात, माणसं उतरतात, चहा उकळतच असतो. मुग्धा इथे माझी वाट बघत होती. जिथे जेवलो त्या हॉटेलच्या मालकाने भाकरी करणाऱ्या बाईला कानडीत हाक मारली, ट्रकवाल्याशी तेलुगूत भाव केला, पाणी देणाऱ्याला "इधर नक्को, उधर रख" म्हणून दख्खनीत झापलं आणि माझ्याकडे वळून शुद्ध मराठीत विचारलं, "चटणीवर तेल करडीचं घालू का शेंगदाण्याचं?" मी कौतुकाने म्हणालो, "चार भाषा येतात तुम्हाला!" तर तो गोंधळला. त्याने त्या कधी मोजल्याच नव्हत्या. कडक भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर करडीचं तेल. मी चौथी भाकरी घेतली तेव्हा मुग्धाने घड्याळात पाहिलं.

तळ गावाबाहेर माळावर होता. माळाची माती लाल, दगड जांभा, अगदी आमच्या घरच्या चिऱ्यासारखा. समुद्रापासून इतक्या लांब आपला जांभा भेटावा याचा मला इतका आनंद झाला की मी एक खडा उचलून खिशात टाकला. तो खिसा अजून लाल आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काम पाहिलं. शेतांमधून झेंड्या लावून काही किलोमीटर सरळ रेघ आखायची. रेघेवर ठरावीक अंतरावर जिओफोन खोचायचे. जिओफोन म्हणजे मुठीएवढी डबी, खाली खिळा. जमिनीची बारीकशी थरथरही तिला कळते. मग व्हायब्रेटर नावाचे अजस्र ट्रक येतात, पोटाखालची लोखंडी पाटी जमिनीवर टेकवतात आणि जमीन हलवतात. ती लहर खाली जाते, प्रत्येक थरावर आपटून परत येते, आणि डब्या ती ऐकून केबलमधून रेकॉर्डिंग गाडीला कळवतात. खाली शेल किती जाड आहे ते यावरून कळतं. अट एकच. वर सगळं शांत हवं.

ही अट मी पहिल्याच तासात मोडली. मी जरा आडोशाला म्हणून तुरीत गेलो आणि मुग्धाच्या हातातल्या वॉकीटॉकीतून रेकॉर्डिंग गाडीतल्या माणसाचा वैतागलेला आवाज आला, "मॅडम, लाइन पे भैंस आ गई क्या?" मुग्धाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हां, निकाल रहे हैं." त्यानंतर मी दिवसभर एका जागी बसून राहिलो, आणि इतका खूश होतो की बसल्या जागी पाय हलवायचीही चोरी झाली.

संध्याकाळी तळावर बैठक झाली. निर्णा गावाच्या अलीकडच्या एका गावाच्या शिवारात चार किलोमीटरचा तुकडा राहिला होता. ट्रक परवा पहाटे दुसऱ्या राज्यात जाणार होते, ते काही केल्या थांबणार नव्हते. ही रेघ मुग्धाला पहिल्यांदाच स्वतंत्रपणे मिळालेली होती. मधला तुकडा राहिला तर दगड संपतो की पुढे जातो हेच नेमकं कळणार नव्हतं, आणि दोन महिन्यांची मेहनत पाण्यात गेली असती. त्यात गावच्या मजुरांनी दुसऱ्या दिवशीची सुट्टी मागितली होती. अमावास्या आहे म्हणाले.

"अमावास्या है तो क्या होगा?" सर्वेक्षण तुकडीच्या प्रमुखांनी विचारलं. ते गुजरातचे.

उत्तर द्यायला कुणी सांगितलं नव्हतं, पण मी दिलं. "उत्तमच होईल! आमच्याकडे अमावास्येला कुणी नव्या कामाला बाहेर पडत नाही. गाव घरात बसेल. शेतं मोकळी मिळतील."

मुग्धाही चिपळूणची. तिने मान डोलावली. ठरलं.

अमावास्या

सकाळी आठला गावात शिरलो तर दारांना कुलपं. पारावर कुणी नाही, दुकान बंद, कुत्रंसुद्धा नाही. मुग्धाचा चेहरा फुलला. "सर, गाव रिकामं!" मी तिच्या पाठीवर थाप मारली. स्वतःच्या अकलेचं इतकं कौतुक मला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

गावाबाहेरचा ओढा ओलांडून जीप चढावर आली आणि ड्रायव्हरने आपणहून ब्रेक लावला. सगळं गाव शेतात होतं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, ऑटो, मोटरसायकली. हिरव्या ज्वारीतून लाल-पिवळी लुगडी चाललेली. डोक्यावर शालीत गुंडाळलेल्या टोपल्या घेतलेले पुरुष. बांधाबांधावर पोरांची पळापळ. प्रत्येक शेतात कडब्याची कोपी उभी आणि प्रत्येक कोपीपुढे माणसांचा घोळका. वर्षातून एक दिवस सगळं गाव घराला कुलूप लावून रानात जातं आणि रानाची पूजा करून तिथेच जेवतं, तो नेमका हा दिवस. याला इथे येळवस म्हणतात. माझ्या चिपळुणी अमावास्येचे बारा वाजले होते.

मुग्धाने तरी डब्या जोडायला लावल्या. पहिल्या हादऱ्यानंतर गाडीतला माणूस म्हणाला, पडद्यावर नुसत्या मुंग्या आहेत. तिने कपाळाला हात लावला नाही की माझ्यावर रागावली नाही, म्हणून मला जास्तच लाजल्यासारखं झालं. "चला सर, लोकांशी बोलू," एवढंच म्हणाली.

पण बोलणार कधी? ज्या शेतात जावं तिथे आधी पान वाढलेलं. आज रानात आलेल्या माणसाला न जेवता जाऊ देत नाहीत. पहिल्या शेतात बाजरीचे वाफवलेले उंडे आणि भज्जी खाल्ली, दुसऱ्यात आंबट भात, तिसऱ्यात खीर. भज्जी म्हणजे तळलेली नव्हे. हरभरा, तूर, वाल, शेंगदाणे, मेथी, आंबट चुका असं रानात उगवणारं सगळं एकत्र शिजवून बेसन लावलेली दाट भाजी. मी पोटाला विसरून खाल्ली. चौथ्या शेतात भेटले शरणप्पा. सत्तरीचे, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की दोन शेतांपलीकडचा माणूस वळून बघावा. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते.

"या, बसा. आधी जेवा, मग बोला," अप्पा म्हणाले.

"अप्पा, आमचं काम अडलंय—" मुग्धाने सुरुवात केली.

"काम कुठं पळून जायलंय? येळवशीला मानूस उपाशी गेला तर रान रुसतंय बाई."

कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडले होते, पाच पांडव. अप्पांच्या पत्नी महानंदाअक्कांनी आम्हाला आंबील दिली. ताकात शिजवलेलं ज्वारीचं पीठ, वर जिरं, गार. ती पिताना मुग्धाने सगळं सांगितलं: ट्रक उद्या पहाटे जाणार, पाऊण तास तरी शांतता हवी, कुणी चालू नये, पळू नये.

अप्पांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मशीनीला खालचं दिसतंय ते आमाला कवा सांगणार?"

मुग्धाने आंबिलीचा पेला खाली ठेवला.

"इचारायलोय त्याचं कारण हाय," अप्पा म्हणाले. "तुमच्या झेंड्या लागल्यापासून हैदराबादचा एक मानूस येऊन जायलाय. रान इका म्हणतोय. परवा पुन्ना येणार हाय. पोरगं बी म्हणायलंय, इकून टाका. म्या म्हणतो, खाली काय हाय ते कळल्याबिगर कामून इकू? ज्याला आधी कळतंय त्यो सस्त्यात घेतोय, अन् आमाला कळतंय तवा रान दुसऱ्याचं झालेलं असतंय."

"अहो अप्पा!" मी म्हणालो. उत्साहात आलो की माझी जीभ माझं ऐकत नाही. "ही माझी विद्यार्थिनी. तिला जे दिसेल ते सगळ्यांत आधी तुम्हाला सांगेल. हा माझा शब्द!"

मुग्धा खाली मातीकडे बघत होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग उठले.

"जेवताना मानूस हालत न्हाई," ते म्हणाले. "समदं शिवार एकदम जेवाय बसवतो."

"एकदम?" महानंदाअक्का हसल्या. "आज कोन कुणाच्या रानात जेवायलंय ते देवाला तरी ठाव हाय का?"

"जिथं असंल तिथं बसंल की!"

अप्पा बांधावर चढले आणि कानडीत आरोळी ठोकली. पुढच्या शेतातून एकाने ती उचलली, त्याच्या पुढच्याने मराठीत केली, आणि निरोप बांधाबांधाने लांब गेला. बाकीचं काम फोनने झालं. मी थक्क होऊन बघत होतो. ट्रॅक्टर बंद झाले. बैलांपुढे कडबा पडला. पळणारी पोरं पकडून मांडीवर बसवली गेली. वाढणाऱ्या बायकाही भांडी मध्ये ठेवून बसल्या. दहा मिनिटांत चार किलोमीटरच्या पट्ट्यात उभा माणूस दिसेना.

"तू बी बस," अप्पा मुग्धाला म्हणाले. "तू एकटी चाललीस तरी मशीनीला कळंल की."

तर जिची रेघ, तीच पत्रावळीपुढे मांडी घालून बसली, वॉकीटॉकी मांडीत. तिने हळूच सांगितलं, "शुरू करो."

लांबून घरघर आली आणि जमीन बोलायला लागली. पायाला नव्हे, थेट बसल्या जागेला कळत होतं. आंबिलीच्या माठात बारीक गोल उमटले, एकात एक. मी आयुष्यभर लहरी शिकवल्या आणि आज त्यांच्यावर बसलो होतो! डोळ्यांत पाणी आलं, लपवायचं कारण नाही. शेजारच्या म्हाताऱ्या अव्वाने घाबरून तळहात जमिनीवर टेकवला. तिने भूकंप पाहिलेला होता. "इल्ला अव्वा, इल्ला," मुग्धा दोन महिन्यांत शिकलेल्या कानडीत म्हणाली आणि तिचा दुसरा हात हातात घेऊन बसली.

ट्रक पुढे सरकत होते. लोक बिनआवाज जेवत होते. मागणं-वाढणं सगळं खुणांनी. मधेच वॉकीटॉकी कुजबुजली, "मॅडम, एकदम साफ. सिर्फ एक जगह हिल रहा है, पेड़ के पास." आम्ही वळून पाहिलं. लिंबाच्या झाडाला झोळी होती, आणि महानंदाअक्कांची सून बसल्या बसल्या दोरीने ती हलवत होती. बाळ झोपत आलं होतं.

"हिलने दो," मुग्धा म्हणाली.

पाऊण तासाचा तास झाला, पण एक माणूस उठला नाही. शेवटी गाडीतून "हो गया मॅडम, पूरा हो गया!" असं आलं, आणि मुग्धाने वॉकीटॉकी हवेत उडवून झेलली. अप्पांनी पुन्हा आरोळी दिली आणि सगळं शिवार एकदम उठून बोलायला लागलं. मी कोणाकोणाला मिठ्या मारल्या ते मला आठवत नाही.

रेकॉर्डिंग गाडीच्या पडद्यावरचं कच्चं चित्र पाहून मुग्धा परतली. ऊन उतरताना डब्या गोळा करता करता ती म्हणाली, "सर, तुम्ही शब्द द्यायला नको होता. मला सांगता येणार नाही. करारात आहे. कुणालाच नाही, तुम्हालाही नाही."

त्या शब्दावर चार किलोमीटर माणसं बसली होती. "मग मीच जाऊन सांगतो," मी म्हणालो. ती माझ्या मागोमाग आली.

अप्पा बांधाजवळ एकटेच बसले होते. मी सरळ सांगून टाकलं, की मी बोललो ते खोटं ठरलं, तिला बोलायची परवानगी नाही.

"ते मला तवाच कळलं," अप्पा म्हणाले. "तुमी बोलायलाव अन् पोरगी खाली बघायली. पर तिचं काम अडलं व्हतं अन् ती माझ्या रानात आली व्हती. मग काय करनार?"

मला राहवेना. करार तिचा होता, माझा नव्हता. एक तुराटी घेऊन मी मोकळ्या मातीत बसलो. "पुस्तकात आहे तेवढं मी सांगू शकतो," म्हणालो आणि काढायला लागलो. ही वरची काळी माती. हा तिच्याखालचा काळा कातळ. हा फरशीचा दगड. आणि हा त्याखाली शेल, कलबुर्गीच्या बाजूने, चिंचोळीकडून येणारा. तो मी जाड सुरू केला आणि बारीक करत करत आणला. "इथे, तुमच्या रानाखाली पोचेपर्यंत तो संपत असावा. पुस्तकं तरी तसंच म्हणतात."

"म्हंजे माझ्या रानात काय न्हाई. कंपनी परत येत न्हाई."

"तसं असेल तर नाही येणार."

"मग इकावं म्हणता?"

"मला खरंच माहीत नाही, अप्पा."

मुग्धा इतका वेळ उभी होती. ती खाली बसली आणि माझ्या हातातली तुराटी काढून घेतली. कुणाकडेही न बघता तिने माझी रेघ संपत होती तिथे टोक टेकवलं आणि रेघ पुढे नेली. पुन्हा मागे आली, पुन्हा पुढे नेली, पुन्हा, माती उकरत, रेघ वीतभर रुंद होईपर्यंत. अप्पांच्या चपलांच्याही पुढे नेली. मग तुराटी माझ्या हातात ठेवून ती उठली आणि केबल गुंडाळायला निघून गेली.

अप्पांनी त्या रुंद रेघेवर हाताची वीत लावून पाहिली. पलीकडून महानंदाअक्का आल्या. "काय काढलंय हे?" त्यांनी विचारलं.

अप्पा उठले आणि पायाने सगळं पुसलं. माती, कातळ, फरशी, रेघ, काहीच ठेवलं नाही.

"काय न्हाई. गुरुजी शाळा घ्यायले व्हते," ते म्हणाले. "परवा हैदराबादचा त्यो मानूस आला की त्याला च्या पाजा अन् लावून द्या. रान इकायचं न्हाई."